तुंगाच्या चार ढांगा

बाजारात अवरेकाईच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा आल्या की माझे पाय शिवशिवायला लागतात. शेंगांचा आणि पायांचा काय संबंध, असं आमच्या घरात आता कुणी विचारत नाही. विचारलं तर तासभर ऐकावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक झालंय. पण संबंध आहे. बेंगळूरची थंडी जरा मुरली, सकाळी आठपर्यंत धुकं रेंगाळायला लागलं, की या शेंगांवर एक चिकट, उग्र वास चढतो. इकडे त्याला सोगडु म्हणतात. बोटांना लागला की साबणानं जात नाही. आणि तो नाकात शिरला की त्याच्या पाठोपाठ दुसरा एक वास येतो, जो व्हाइटफील्डच्या या अकराव्या मजल्यावर यायचं काहीच कारण नाही. घामेजलेल्या घोडीचा. दव पडलेल्या गवताचा, तेल पाजलेल्या चामड्याचा आणि मुनियप्पाच्या बिडीचा.

यंदा तर कहर झालाय. परात पुढ्यात घेऊन शेंगा सोलायला बसते आणि चार शेंगांत उठते. गॅलरीत जाते. खाली गाड्यांची रांग बघते. परत येते. पुन्हा चार शेंगा.

"बस की स्वल्प," आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "शेंगा काही पळून जाणार नाहीत."

शेंगा नाही हो पळत. पळतंय ते दुसरंच.

झालंय असं, की माझी नात जुई, वय वर्षं तेरा, येत्या रविवारी घोड्यावरून उड्या मारणार आहे. येलहंक्याच्या पलीकडे तिचा रायडिंगचा क्लास आहे. रंगीत दांड्यांचे अडथळे मांडायचे, आखून दिलेल्या क्रमानं ते घोड्यावरून पार करायचे, दांडा पडला की गुण गेले. तिची ही पहिली स्पर्धा. मी म्हटलं, वा! आणि मग बुधवारी ती क्लासहून आली ती बूट फेकत.

"आज्जी, तो बादल ना, एकदम वेस्ट घोडा आहे. तीनदा थांबला, तीनदा! दांड्यासमोर आला की ब्रेक. मी सरांना सांगितलं, मला दुसरा द्या. ते म्हणाले, शनिवारपर्यंत विचार करून सांग, मग त्याला उडीतून काढून टाकतो."

"काढून टाकतो म्हणजे?"

"म्हणजे काढून. मला काय माहीत?" मग पाणी पिता पिता, अगदी सहज, "तुझ्या तुंगासारखाच निघाला बघ. दगाबाज."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

तुंगा हे आमच्या घरात आता नाव उरलेलं नाही. ते क्रियापद आहे म्हणा ना. मिक्सर फिरता फिरता अडला, की माझी मुलगी, जुईची आई वृंदा ओरडते, "तुंगा झाला!" यांची स्कूटर थंडीत सुरू व्हायची नाही, तेव्हा "आज तुंगा झाली" म्हणून हे बसनं जायचे. लिफ्ट, इंटरनेट, जावयाचा पासपोर्ट, जे जे ऐन वेळी अडतं ते ते तुंगा. तीस वर्षं झाली. ज्या घोडीवरून हे नाव पडलं तिला बघितलेली माणसं घरात आम्ही तिघंच. जुई तर तिच्या मरणानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली असेल. मरणानंतर म्हणते खरी. मला नक्की काहीच माहीत नाही.

आता त्या बाईची ओळख करून द्यायला हवी. त्या बाईची म्हणजे माझी. पण ती मी आहे हे कबूल करायला मला त्रास होतो, म्हणून बाई म्हणते. वय चौतीस. एका मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवायची. नाक वर, आवाज टिपेचा, पदराला पिन. 'उत्तर बरोबर आलं म्हणजे झालं नाही, रीत दाखवा' हे वाक्य दिवसातून वीस वेळा. जगातली कुठलीही गोष्ट नीट मांडली तर सुटते, असा तिचा ठाम समज होता. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जाईन.

तिला घोड्यावर बसायचं खूळ कुठून लागलं? सासरकडून. आमचं सासरचं घराणं तीनशेहून जास्त वर्षं इथलं. मूळपुरुष मराठी फौजेबरोबर घोड्यावरून दक्षिणेत आला आणि इथेच राहिला, असं घरात सांगतात. त्याची म्हणून एक गंजलेली रिकीब चामराजपेटच्या घरी देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगलेली होती. ती रिकीब की जुन्या लामणदिव्याची कडी, यावर घरात दोन मतं होती, पण दुसरं मत मोठ्यानं बोलायची परवानगी नव्हती. मूळपुरुषानंतर घराण्यात कुणी घोड्याला हात लावल्याचा पुरावा नाही. सगळे कारकून, पोस्टमास्तर, एक होमिओपॅथ. तरी दसऱ्याला जेवणं झाली की चुलत सासरे मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "घोडा आमच्या रक्तात आहे."

"मग रक्तातून बाहेर काढा की एकदा," असं ती बाई एका दसऱ्याला बोलून गेली. आणि मग तिलाच काढावा लागला.

योग असा, की एक निवृत्त कर्नलसाहेब येलहंक्याच्या रस्त्यावर घोड्यांची शाळा चालवायचे आणि त्यांची नात माझ्या वर्गात गणितात सपशेल आडवी झाली होती. तिला मी शिकवायचं आणि मला त्यांनी, असं ठरलं. पहिल्या दिवशी मी एका बाजूनं घोडीवर चढले आणि दुसऱ्या बाजूनं उतरले. मध्ये थांबले नाही.

त्या सकाळी अजून अंगावर येतात. चामराजपेटहून पहिली बस, शिवाजीनगरला उतरायचं, स्टँडजवळ उभ्या उभ्या गरम बन आणि चहा, बोटं पेल्याभोवती गुंडाळून, मग येलहंक्याची दुसरी बस. खिडकीतून आधी घरं, मग नीलगिरीची झाडं, मग धुक्यात बुडालेले द्राक्षांचे मळे. आज तिथून जाताना मी जुईला दाखवायला जाते, "इथं द्राक्षं होती," तर ती म्हणते, "कुठं, त्या शोरूमच्या जागी?" आणि उत्तर देईपर्यंत शोरूमही मागे पडलेलं असतं.

पागेत मुनियप्पा असायचा. मोतद्दार. पन्नाशीचा, वाळक्या शेंगेसारखा, कानाला मफलर. त्याला मराठी येत नव्हतं आणि माझं कानडी त्याच्यापुढे शहरी पडायचं, पण घोडीच्या पाठीवर खरारा फिरवता फिरवता तो तिच्याशी जे बोलायचा ते मला सगळं कळायचं. मला मात्र त्याचे दोनच शब्द. "निधाना, अक्का," म्हणजे हळू. आणि "बिडी, अक्का, बिडी!" म्हणजे सोडा. लगाम सोडा. दिवसातून पन्नास वेळा. मी लगाम असा धरायची की जणू घोडी नव्हे, कॉपी करताना पकडलेली मुलगी आहे.

आणि तुंगा. तांबूस रंगाची, मागच्या डाव्या पायात पांढरा मोजा, कपाळावर बोटानं चुना लावावा तसा ठिपका. शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त होऊन आलेली. वय नऊ. नाव मुनियप्पानं ठेवलेलं, त्याच्या गावाजवळच्या नदीचं. हवाई दलाच्या तळावरून विमान उठलं आणि डोक्यावरून कडाडत गेलं, की पागेतले बाकीचे घोडे भिंती खणायला लागत. मी खाली बसायची. तुंगा फक्त एक कान तिकडे वळवायची, परत आणायची आणि चंदी खात राहायची. इतकी शांत. तिच्या मानेला गाल लावून उभं राहिलं की आत कुठेतरी पाणी वाहतंय असं वाटायचं. मी आयुष्यात एकाच ठिकाणी स्वस्थ उभी राहिले असेन, तर तिथे.

दुसऱ्या हिवाळ्यात कर्नलसाहेब म्हणाले, "मास्तरनीजी, इस साल आप शो में उतरेंगी." त्यांनी मला तो पावलांचा हिशेब शिकवला. माझ्यासारखीला तर अमृतच ते. स्पर्धेआधी दहा मिनिटं मैदान पायी फिरायला देतात. घोडे बाहेर, माणसं आत. दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजायचं. एक पाऊल बरोबर तीन फुटांचं. घोड्याची दौडीतली एक ढांग म्हणजे माणसाची चार पावलं. उडी मारून उतरायला दोन पावलं सोडायची, पुढची उडी घ्यायला दोन सोडायची, उरलेल्याला चारानं भागायचं. मग कळतं की दोन उड्यांच्या मध्ये किती ढांगा बसतात. त्या बसल्या तर घोडा उडतो, नाही बसल्या तर गडबड.

मी सरावाला लागले. शाळेत साडी, म्हणून सराव घरी. पहाटे गच्चीवर, यांची जुनी पँट कमरेला दोरीनं बांधून, खडूनं तीन-तीन फुटांच्या रेघा मारून. महिनाभरात डोळे मिटून चालले तरी पाऊल रेघेवर पडायला लागलं. सासूबाई वाळवण घालता घालता बघायच्या. त्यांना आम्ही कानडी पद्धतीनं अत्ते म्हणायचो. नऊवारी नेसायच्या, काष्टा घट्ट, चाल अशी की पोस्टमन मागे पडेल.

"काय गं, जमीन विकत घ्यायची का कुणाची? रोज मोजतेस ती."

"अत्ते, घोड्याचा हिशेब आहे."

"घोडा करेल की त्याचा हिशेब. तू त्याचा धर."

मी हसले होते. बिचाऱ्या, शिकलेल्या नाहीत, असं मनात म्हणालेलंही आठवतं. काय बाई होती!

स्पर्धेचा दिवस. इथे जरा उठून येते. गॅसवर काही नाहीये, तरी बघून येते.

हं. तर सगळं घर आलं होतं. चुलत सासरे फेटा बांधून. हे कॅमेरा घेऊन. वृंदा चौथीत होती, दोन वेण्या घालून. आणि अत्ते तबक घेऊन. त्यांचा आग्रह एकच: घराण्यातलं कुणीतरी इतक्या पिढ्यांनी घोड्यावर बसून मैदानात उतरतंय, तर आधी घोड्याची पूजा, आणि ती करायची घरच्या सवाष्णीनं, रीतसर. मी ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीची तंग विजार, चढवून तयार उभी होते.

"हे घालून ओवाळणार?" अत्तेंनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "पिशवीत माझी मैसूर सिल्क आणलीय. नेस."

"अत्ते, वेळ नाही."

"तर ब्रीचेसवरूनच गुंडाळ. पण नेस."

गुंडाळली. मोरपंखी मैसूर सिल्क, सोनेरी काठ, त्याच्या आत ब्रीचेस आणि गुडघ्यापर्यंतचे बूट. तुंगाच्या कपाळी हळदकुंकू लावलं, खुरांवर पाणी घातलं, ओवाळलं. कर्नलसाहेबांनी टोपी काढून हातात धरली. तुंगानं तबकातला गूळ खाल्ला, मग शेवंतीचं फूल खाल्लं, मग निरांजनाकडे बघून विचार बदलला. मुनियप्पाचे डोळे भरून आलेले मी पाहिले, आणि नेमकी त्या वेळी घंटा झाली. मैदान पायी फिरायला उघडलं होतं. दहा मिनिटं.

साडी सोडायची तर सहा पिना. मी तशीच आत धावले.

मैदानभर पांढऱ्या ब्रीचेसमधली माणसं गंभीर चेहऱ्यानं ढांगा टाकत फिरत होती आणि त्यांच्यामध्ये मोरपंखी मी. डाव्या हातानं निऱ्या सावरत, ओल्या गवतात काठ भिजू नये म्हणून जपत. साडी अत्तेंची होती ना. ओठांनी मोजत. पाचवा आणि सहावा अडथळा एका ओळीत होते, खरी परीक्षा तिथे. मी मोजलं. चोवीस पावलं. चोवीसातून चार गेले, राहिले वीस. भागिले चार. पाच ढांगा. तोंडी हिशेब, सेकंदात. शेजारून घोडदळातला एक जवान मोजत आला आणि आपल्या जोडीदाराला म्हणाला, "चार." मला त्याची कीव आली. भागाकार कच्चा.

मग साडी उतरवली, हेल्मेट चढवलं, घंटा झाली. जज्जांना मान लववली आणि निघाले.

पहिले चार अडथळे कसे गेले ते मला विचारू नका, कारण ते मी केलेच नाहीत. तुंगानं केले. मी वर होते, इतकंच. वारा कानात, गवताचा चुरा तोंडात, तिचे कान पुढे टोकदार. एकदा तर मला मोठ्यानं हसू आलं, उडीच्या ऐन वर. जमीन नाहीच, खाली काही नाहीच, वर्ग नाही, वह्या नाहीत. ती अर्ध्या क्षणाची जागा! तिच्यासाठीच तर पाय अजून शिवशिवतात.

पाचवा पार झाला. तुंगा उतरली, कान पुढे केले आणि निघाली लांब, मोकळी. एक. आणि मला हिशेब आठवला. पाच बसवायच्यात! ही अशी लांब पडायला लागली तर चुकणार! मी लगाम खेचला. तिनं मान झटकली. पुन्हा खेचला. बाहेर कठड्याशी मुनियप्पा टॉवेल तोंडात कोंबून उभा असलेला मला दिसला. बाहेरून शिकवलेलं नियमात चालत नाही, म्हणून. नाहीतर तो काय ओरडला असता ते मला ठाऊक होतं. ती पुढे मागत होती, मी मागे. शेवटी आमचं ना धड चार झालं ना पाच. दांड्याच्या इतक्या पुढ्यात येऊन पोचलो की तिथून कुठलंही शहाणं जनावर उडणार नाही. तुंगानं चारही पाय रोवले.

मी नाही थांबले. सहावा अडथळा मी एकटीनं पार केला.

लागलं काहीच नाही. चिखल, आणि टाळ्या वाजवू की नको अशा विचारातले लोक. कर्नलसाहेब आत आले. पडल्यावर पुन्हा बसून फेरी पूर्ण करता यायची तेव्हा. "चढिए, मास्तरनीजी." तुंगा तिथेच उभी होती, लगाम लोंबता, माझ्याकडे बघत. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलं होतं. फेट्यातले चुलत सासरे उभे राहिलेले दिसत होते. वृंदा रडत होती. आणि मी, रीत दाखवा म्हणणारी मी, म्हणाले, "ये नहीं कूदेगी. अड़ती है."

"सोच लीजिए."

"अड़ती है, सर. आदत है इसकी."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. बाईमाणूस, शिकलेली, गणिताची. खोटं कशाला बोलेल? घरी येताना मोटारीत चुलत सासऱ्यांनी निकाल दिला, "घोडी दगाबाज निघाली. स्वाराची चूक नाही." घराण्याचं नाक शाबूत राहिलं. त्याच आठवड्यात स्कूटर अडली आणि हे म्हणाले, "तुंगा झाली!" सगळे हसले. मीसुद्धा. सगळ्यांत मोठ्यानं.

कुणाला कळलंच नसतं. पण स्पर्धेच्याच दिवशी दुपारी अत्तेंची साडी धुऊन गच्चीवर वाळत घालायला गेले, तर पायाखाली माझ्याच खडूच्या रेघा. सहज चालून पाहिलं. अंगावर घरातली साडी होती. पाऊल रेघेवर पडेना. प्रत्येक वेळी अर्धा फूट अलीकडे. मी पुन्हा चालले. साठ फुटांची गच्ची, पँटीत बरोबर वीस पावलं. साडीत चोवीस. वीसातून चार गेले सोळा, भागिले चार. चार. त्या जवानाचे चार. तुंगाचे चार.

अर्ध्या आयुष्यात शेकडो मुलींच्या वह्यांवर मी लाल शाईनं लिहिलं असेल, 'एकक तपासा'. मोजायची काठीच आखूड असेल तर भागाकार कितीही चोख असो. आणि माझी काठी कापली होती मैसूर सिल्कनं.

मागे अत्ते उभ्या होत्या, सांडग्यांचं ताट घेऊन. किती वेळ, कोण जाणे.

"साडीत पाऊल आखूडच पडतं तुझं," त्या म्हणाल्या. "सप्तपदीलाच बघितलं होतं मी. नऊवारी नेसली असतीस तर..." मग थांबल्या. त्यांना सगळं कळलं होतं. "उद्या जाऊन सांग त्या साहेबांना."

"सांगते."

"उद्याच."

"बरं, अत्ते. उद्या."

उद्या शाळेत चाचणी होती. परवा पेपर तपासणी. मग अंग दुखत होतं, मग वृंदाला ताप. मग वार्षिक परीक्षा. सांगायचं म्हणजे काय, एक वाक्य. पण ते घेऊन त्या बसमध्ये चढवेना. अत्तेंनी पुन्हा विषय काढला नाही. फक्त कुणी "तुंगा झाला" म्हटलं की त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी भाजी ढवळायची. त्यांच्या शेवटच्या आजारात खाट वर होईना तेव्हा नर्स म्हणाली, ही खाट अडते हो. अत्ते कशाबशा हसल्या आणि मला डोळ्यांनी खुणावलं. तेवढ्यातही सोडलं नाही म्हातारीनं.

गेले मी शेवटी. पावसाळा सुरू झाला होता. तुंगाच्या जागी एक काळा घोडा होता. मुनियप्पा नाल ठोकत होता, मान वर न करता म्हणाला, "होदळु, अक्का." गेली. उडीतून काढल्यावर काही दिवस नवशिक्यांना गोल गोल फिरवलं तिच्यावर. मग एक ट्रक आला, उटीकडचा म्हणे. चढताना अडली नाही. त्यानं हे मुद्दाम सांगितलं, का सहज, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मग हातोडा खाली ठेवून तो म्हणाला, "तिच्या चार होत्या, अक्का. तुम्ही पाच मागितल्या."

त्याला पावलं मोजायची गरज पडली नव्हती. तो नुसता बघत होता.

त्यानंतर मी घोड्यावर बसले नाही. गुडघे, असं सांगते. पुढे दोनदा उटीला गेलो. सगळे तळ्याचे फोटो काढत होते आणि मी तळ्याकाठच्या घोड्यांचे मागचे पाय बघत फिरत होते, डावा, पांढरा मोजा. घोडेवाले मागे लागायचे, "रायडिंग, मॅडम, रायडिंग?" एकाला विचारलंही, तांबडी घोडी आहे का, कपाळाला ठिपका. तो म्हणाला, अशा दहा आहेत, कुठली हवी?

तर असं आहे हे. म्हणून शेंगा सोलून होत नाहीत.

बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारी मी तीनदा जुईच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आले. शनिवारी संध्याकाळी ती फोन हातात घेऊन सोफ्यावर पडलेली. सरांना करायचा फोन. मी म्हटलं, "आधी खाली चल. पार्किंगमध्ये. खडू घे."

"आज्जी, सीरियसली? आत्ता?"

"आत्ता."

शिवणाच्या टेपनं साठ फूट मोजले, दोन मोटारींच्या मधून, दोन टोकांना दोन रेघा मारल्या. वॉचमन येऊन बघायला लागला. मी म्हटलं, "जुई, चाल. तुझ्या सरांनी शिकवलंय तसं." ती ट्रॅक पँटीत चालली. वीस. "चार ढांगा," ती म्हणाली, "इझी." मग मी चालले. साडीत, आता तर गुडघेही खरंच दुखतात, पण मुद्दाम तेव्हासारखी, निऱ्या धरून. जुई मोजत होती. अठरा, एकोणीस, वीस. मी अजून रेघेपासून लांब. तिचा आवाज हळूहळू खाली आला. "एकवीस... बावीस..."

चोविसाव्याला मी रेघेवर पोचले आणि सगळं सांगितलं. मैसूर सिल्क, जवान, 'अड़ती है', ट्रक. तिनं मध्ये एकदाही फोन बघितला नाही.

"म्हणजे तुंगा..."

"तुंगाचं बरोबर होतं."

"आणि तू आम्हाला इतकी वर्षं..."

"हो."

"आज्जी! तू तर एकदम चीटर आहेस!" यात धक्का होता, आणि लपवता न आलेलं थोडं कौतुकही. मग ती बुटाच्या टोकानं खडूची रेघ पुसत राहिली.

"मग बादल का थांबतो?"

"मला काय माहीत? मी काही त्याच्यावर बसलेली नाही."

वॉचमन कंटाळून खुर्चीवर परतला.

"मी खाली बघते," जुई म्हणाली. "दांडा जवळ आला की. मला भीती वाटते, मग मी खाली बघते, आणि हात आपोआप... तो माझ्यामुळे थांबतो बहुतेक." आणि लगेच, "अम्माला सांगू नकोस."

"मी? मी तर तीस वर्षं काही सांगत नाही."

लिफ्टमधून वर येताना तिनं सरांना मेसेज केला. मी वाचला नाही. चष्मा नव्हता. पण दोनच शब्दांचा होता आणि पहिला 'बादल'च होता, एवढं दिसलं.

आज रविवार. हे शेवटचं लिहितेय ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सकाळी, निघायच्या आधी. रात्री नीट झोप नाही. जुई बूट चढवून घरभर टक टक करत फिरतेय, बसवत नाहीये तिलाही. बादल थांबेल की उडेल, कुणास ठाऊक. हे कॅमेऱ्याची बॅटरी शोधतायत. वृंदा इडलीबरोबरच्या चटणीसाठी मिक्सर लावतेय. खोबरं जास्त झालं, मिक्सर घरघरला, धडपडला आणि थांबला.

"तुंगा झाला!" वृंदा ओरडली.

दारातून हेल्मेटमधलं डोकं आत आलं.

"नाही, अम्मा. आजपासून म्हणायचं, आज्जी झाला."

वृंदानं माझ्याकडे पाहिलं. यांनी चष्म्यावरून पाहिलं. आता या दोघांनाही सांगावं लागणार, आणि निघायला दहा मिनिटं उरलीत. मी पेन खाली ठेवतेय. निऱ्या वर खोचून मिक्सरपर्यंत जायचंय. लांब पावलं टाकली तर चारात पोचेन.